टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली आणि मुंबईच्या गिरण्या सहा दिवस बंद पडल्या

२२ जुलै १९०८ रोजी रात्री दहाच्या सुमारास मुंबई हायकोर्टात न्यायमूर्ती दिनशा दावर यांनी बाळ गंगाधर टिळकांना राजद्रोहाबद्दल सहा वर्षे हद्दपारीची आणि एक हजार रुपये दंडाची शिक्षा सुनावली. रात्रीच खास गाडीने त्यांना अहमदाबादकडे हलवण्यात आले. दुसऱ्या दिवशी, २३ जुलैला, टिळकांना ५२ वर्षे पूर्ण होत होती. त्या दिवसापासून मुंबईत बंद सुरू झाला. कापडबाजार बंद झाला, पाठोपाठ परळ, चिंचपोकळी, भायखळा भागातल्या गिरण्या थांबत गेल्या. शिक्षेच्या एकेका वर्षासाठी एकेक दिवस, असा सहा दिवसांचा हिशेब लोकांच्या तोंडी झाला.

मजुरी वाढावी किंवा कामाचे तास कमी व्हावेत म्हणून मुंबईत त्याआधीही संप झाले होते. हा संप मात्र पगारासाठी नव्हता. एका माणसाला सरकारने दिलेल्या शिक्षेविरुद्ध हजारो कामगारांनी स्वतःची मजुरी बुडवली. म्हणूनच भारतातील पहिला मोठा राजकीय संप म्हणून त्याचे नाव घेतले जाते. नेमके त्याच काळात युरोपात एक कामगार चळवळ सार्वत्रिक संप हेच आपले मुख्य शस्त्र आहे, असे सांगत होती. तिचे नाव सिंडिकॅलिझम.

ज्यांच्यासाठी हा संप झाला ते टिळक कामगार पुढारी नव्हते. सिंडिकॅलिस्ट तर मुळीच नव्हते. मग गिरणी कामगार त्यांच्यासाठी रस्त्यावर का आला? याचे उत्तर शोधायचे तर सुरुवात रत्नागिरीपासून करावी लागते.

सिंडिकॅलिझम म्हणजे काय?

फ्रेंच भाषेत सिंडिका म्हणजे कामगार संघ. त्यावरून हा शब्द आला. मराठीत त्याला श्रमिक संघसत्तावाद असा भारदस्त प्रतिशब्द आहे. कल्पना मात्र सोपी आहे. कारखाना चालतो तो कामगाराच्या हातांनी. मग त्याची मालकी आणि कारभार मालकाकडे किंवा सरकारकडे कशाला? तो कामगारांच्या संघाकडेच असावा. आणि हे घडवायचे कसे? निवडणूक लढवून, कायदेमंडळात माणसे पाठवून नाही. संप, बहिष्कार, काम रेंगाळवणे अशा थेट कृतीतून. शेवटी एक दिवस सगळ्या धंद्यांतले सगळे कामगार एकदम हात थांबवतील आणि जुनी व्यवस्था कोसळेल, अशी ही मांडणी होती.

फ्रान्समधील सीजीटी हा कामगार महासंघ १८९५ मध्ये स्थापन झाला. १९०६ मध्ये अमिआँ शहरातील अधिवेशनात त्याने जाहीर केले की संघटना कोणत्याही राजकीय पक्षाला बांधलेली राहणार नाही. त्याच्या आदल्या वर्षी अमेरिकेत शिकागोला आयडब्ल्यूडब्ल्यू ही अशाच विचारांची संघटना निघाली होती. स्पेनमध्ये सीएनटी १९१० मध्ये आली. म्हणजे टिळकांवर खटला चालू होता तेव्हा हा विचार जगात अगदी ऐन भरात होता.

मुंबईच्या चाळींत तेव्हा हे शब्द कुणाला माहीत असण्याचे कारण नव्हते. पण हात थांबवले की यंत्र थांबते, हे कळायला फ्रेंच यावे लागत नाही.

रत्नागिरीचे दोन प्रवास

टिळकांचा जन्म २३ जुलै १८५६ चा, रत्नागिरीचा. त्यांचे जन्मघर आजही टिळक आळीत आहे. वडील गंगाधरपंत शिक्षक. घराण्याचे मूळ गाव दापोली तालुक्यातले चिखलगाव, आणि तिथे टिळकांच्या घराण्याकडे खोतीचा वाटा होता. १८६६ मध्ये वडिलांची बदली पुण्याला झाली आणि दहा वर्षांचा बाळ घाट चढून वर आला. त्याच वर्षी आई गेली, १८७२ मध्ये वडीलही गेले. पुढे डेक्कन कॉलेज, गणित घेऊन बी.ए., मग एल.एल.बी.; १८८० मध्ये न्यू इंग्लिश स्कूल, १८८१ मध्ये केसरी आणि मराठा. हा भाग शाळेच्या पुस्तकांतून बहुतेकांना ठाऊक असतो.

याच जिल्ह्यातून दुसरा एक प्रवास चालू होता. तेव्हाच्या रत्नागिरी जिल्ह्यात आजच्या सिंधुदुर्गाचा काही भागही येत असे. डोंगरउताराची जमीन, नाचणी-वरीचे पीक, आणि त्यातूनही खोताचा वाटा द्यायचा. कुळाच्या घरात वर्षभर पुरेल इतके धान्य क्वचितच उरे. म्हणून घरटी एखादा तरी पुरुष बंदरावर जाऊन मुंबईची बोट पकडे. बायको-मुले, म्हातारे आईवडील गावी, तो गिरणीत. १९११ च्या जनगणनेत मुंबईच्या गिरणी कामगारांपैकी जवळजवळ निम्मे रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेले निघाले. चाकरमानी या शब्दामागे हा सगळा इतिहास आहे.

टिळक शिक्षणासाठी घाटावर गेले आणि कुळाचा मुलगा पोटासाठी मुंबईला गेला. दोघे एकाच मातीतले, पण खोतीच्या दोन बाजूंचे. खोती कायद्यात दुरुस्ती करण्याचा प्रश्न आला तेव्हा केसरीने खोतांची बाजू मांडली होती. हे सोयीस्करपणे विसरून १९०८ च्या संपाकडे पाहणे बरोबर नाही.

कारखाना कायद्याला विरोध करणारे टिळक

मुंबईत कामगारांच्या हक्कांचे काम टिळकांच्या आधी आणि टिळकांशिवाय सुरू झाले होते. नारायण मेघाजी लोखंडे हे सत्यशोधक कार्यकर्ते, दीनबंधू पत्राचे संपादक. त्यांनी १८८४ मध्ये गिरणी कामगारांची सभा भरवून मागण्या मांडल्या, मिल हँड्स असोसिएशन उभी केली. रविवारची साप्ताहिक सुटी गिरणीमालकांनी १८९० मध्ये मान्य केली, त्यामागे लोखंडे यांचा पाठपुरावा होता. १८९७ मध्ये प्लेगच्या साथीत काम करताना त्यांचा मृत्यू झाला.

या काळात टिळकांची भूमिका काय होती? केसरी आणि मराठा ही पत्रे कारखाना कायद्यांच्या विरोधात होती. त्यांचे म्हणणे असे की कामाचे तास कमी करण्याची ही कळकळ मजुरांसाठी नसून लँकेशायरच्या गिरणीवाल्यांसाठी आहे. हिंदी गिरण्यांचा माल स्वस्त पडतो, तो महाग व्हावा आणि विलायती कापडाला बाजार मिळावा, हा त्यामागचा डाव. या आरोपात तथ्य नव्हते असे नाही; लँकेशायरचे कारखानदार खरोखरच अशा कायद्यांसाठी दबाव आणत होते. पण दिवसाला तेरा-चौदा तास मागासमोर उभ्या राहणाऱ्या माणसाला तास कमी होणे महत्त्वाचे होते. ते कोणाच्या हेतूने झाले हे नंतरचे. लोखंडे यांना हे दिसले. टिळकांना तेव्हा परदेशी सरकार आणि देशी उद्योग एवढेच दिसत होते. त्यांनी स्वतःही लातूरला भागीदारीत कापसाची जिनिंग फॅक्टरी काढली होती.

मग हाच माणूस कामगारांचा कसा झाला?

एक उत्तर नावाचे आहे. गणेशोत्सव १८९३ पासून, शिवजयंती उत्सव १८९५-९६ पासून. मेळे, पोवाडे, मिरवणुका यांतून टिळकांचे नाव न वाचणाऱ्यापर्यंत पोचले. गिरणगावातल्या चाळींतही गणपती बसू लागले. १८९७ च्या खटल्यात तुरुंगात जाऊन आल्यावर सरकारशी टक्कर घेणारा माणूस म्हणून त्यांच्याभोवती वलय तयार झाले. १९०७ च्या अखेरीस आणि १९०८ च्या पूर्वार्धात त्यांनी मुंबईत गिरणी कामगारांसमोर भाषणे केली. विषय स्वदेशी आणि दारूबंदी. पगार, तास, मुकादमाची लाचखोरी हे विषय त्यांत मध्यवर्ती नव्हते. तरीही, मोठा माणूस चिंचपोकळीला येऊन आपल्याशी बोलतो, याला किंमत होती.

दुसरे उत्तर विचाराचे आहे, आणि मला ते जास्त महत्त्वाचे वाटते. १९०५ मध्ये बंगालची फाळणी झाली आणि बहिष्कार हा राजकारणाचा शब्द बनला. १९०७ च्या जानेवारीत कलकत्त्याला टिळकांनी नव्या पक्षाची मते मांडली. त्यांच्या युक्तिवादाचा गाभा असा होता की मूठभर इंग्रज हा देश स्वतःच्या हातांनी चालवत नाहीत. कारकून आपले, शिपाई आपले, कर भरणारे आपले. हे सहकार्य काढून घेतले तर राज्ययंत्र चालणार नाही. यासाठी हत्यार उचलण्याचीही गरज नाही.

आता हे वाक्य कारखान्याला लावून पाहा. मूठभर मालक कारखाना स्वतःच्या हातांनी चालवत नाहीत. कामगारांनी हात काढून घेतले की तो थांबतो. फ्रान्समधील सिंडिकॅलिस्ट हेच सांगत होते, आणि बहिष्कार हा शब्दही त्यांच्या हत्यारांच्या यादीत होता. दोघांनी एकमेकांकडून घेतले असे म्हणण्याचा इथे हेतू नाही. फरकही मोठा आहे. सिंडिकॅलिस्टांचा रोख मालकावर होता, टिळकांचा सरकारवर. देशी मालक तर टिळकांच्या हिशेबात स्वदेशीचा साथीदार होता. पण सत्ता वरून नाही तर खालच्या माणसाच्या राबण्यावर उभी असते, हे सूत्र दोन्हीकडे आहे. ज्याला रोज आपल्या राबण्यानेच साचे आणि माग फिरताना दिसतात त्याला ते चटकन उमगावे, यात नवल नाही.

खटला आणि सहा दिवस

१९०८ च्या एप्रिल अखेरीस मुझफ्फरपूरला बाँब फुटला. त्या निमित्ताने केसरीत आलेल्या लेखांवरून २४ जूनला टिळकांना मुंबईत अटक झाली. जामीन नाकारला गेला. त्यासाठी अर्ज केला होता बॅ. जिनांनी. न्यायाधीश दावर हे १८९७ मध्ये वकील म्हणून टिळकांच्याच जामिनासाठी उभे राहिले होते. १३ जुलैला खटला सुरू झाला. टिळकांनी आपली बाजू स्वतः मांडली, एकवीस तासांहून अधिक वेळ. नऊ ज्यूरींपैकी सात युरोपीय आणि दोन पारशी. सात विरुद्ध दोन मतांनी टिळक दोषी ठरले.

खटला चालू असतानाच गिरणगावात चुळबूळ सुरू झाली होती. काही गिरण्यांतले कामगार काम टाकून बाहेर पडले, दगडफेक झाली, लष्कर आणले गेले. निकालानंतर मात्र बंद पसरला आणि शहरातील बहुतेक गिरण्या त्यात ओढल्या गेल्या. तेव्हा मुंबईत सुमारे एक लाख गिरणी कामगार होते. गोदीत आणि बाजारातही काम थांबले. मुळजी जेठा मार्केटसारख्या ठिकाणचे गुजराती व्यापारी बंदात होते. काही ठिकाणी जमावावर गोळीबार झाला. सरकारी आकडे धरले तरी डझनाहून अधिक माणसे ठार झाली.

महिना जुलैचा होता हे लक्षात घेतले पाहिजे. गिरणी कामगाराची संपातली मोठी ताकद म्हणजे त्याचे गाव. संप लांबला की तो बोटीने कोकणात जाई, शेतात राबे, तिथे निदान पेज तरी मिळे. पण पावसाळ्यात कोकण किनाऱ्याची बोटवाहतूक बंद असे. म्हणजे हे सहा दिवस लोकांनी मुंबईतच काढले: दहा बाय दहाच्या गाळ्यात, खाणावळीच्या उधारीवर, बाहेर पाऊस आणि नाक्यावर गोरे शिपाई. पगार महिन्याने आणि तोही उशिरा मिळत असल्यामुळे हातात रोकड फारशी नसेच. सहा दिवसांची मजुरी म्हणजे गावी जाणाऱ्या मनिऑर्डरीतून गेलेली रक्कम. रत्नागिरीच्या कोणत्या तरी वाडीत त्या महिन्यात पैसे कमी पोचले, असा त्याचा अर्थ होतो.

या संपामागे युनियन नव्हती. निधी नव्हता, समिती नव्हती, सभासदांची वही नव्हती. निरोप गेले ते एका गावच्या गाळ्यांतून, खाणावळींतून, तालमींतून, मुकादमांमार्फत. काही ठिकाणी मुकादमाने माणसे बाहेर काढली, काही ठिकाणी माणसांनीच मुकादमाला ओढत नेले. इतिहासकारांत यावर वाद आहे आणि तो राहील. पण गावकीच्या धाग्यांनी एवढे मोठे शहर थांबवता येते, हे त्या आठवड्यात दिसले. गावकीची मर्यादाही त्यातच होती. सहा दिवस संपले, भोंगे वाजले, लोक कामावर गेले. तास तेवढेच राहिले, मजुरी तेवढीच राहिली. मालकाकडे मागितले काहीच नव्हते, त्यामुळे मिळण्याचा प्रश्नही नव्हता.

सिंडिकॅलिस्टांनी हा संप पाहिला असता तर त्यांनी नेमके इथे बोट ठेवले असते. त्यांच्या मते संप ही कामगाराची शाळा. छोट्या छोट्या संपांतून संघ घडतो, आणि संघ घडला की मोठ्या संपाला अर्थ येतो. मुंबईत मोठा संप आधी आला, संघ नंतर.

त्याच वर्षी लेनिनने जगातल्या घडामोडींवर लिहिलेल्या एका लेखात टिळकांच्या शिक्षेची आणि मुंबईच्या संपाची दखल घेतली. भारतातला कामगार आता जाणिवेने राजकीय लढ्यात उतरला आहे, असा त्याचा निष्कर्ष होता. पुढे आपल्याकडच्या डाव्या चळवळीने हा उल्लेख खूप मिरवला. जाणीव होती हे खरे. ती वर्गाची किती आणि लोकमान्यांवरील भक्तीची किती, हे मात्र लेनिनला जिनिव्हात बसून मोजता येणे कठीण होते.

मंडाले आणि नंतर

टिळक मंडालेच्या तुरुंगात १९१४ च्या जूनपर्यंत होते. तिथे त्यांनी गीतारहस्य लिहिले. १९१२ मध्ये पत्नी सत्यभामाबाई पुण्यात वारल्या, ती बातमी त्यांना तुरुंगातच कळली. सुटून आल्यावर १९१६ मध्ये होमरूल लीग स्थापन झाली. तिचे पहिले अध्यक्ष जोसेफ बॅप्टिस्टा, मुंबईकर बॅरिस्टर, लोकांचे काका बॅप्टिस्टा. कामगारांच्या प्रश्नात खरा रस होता तो यांना.

१९१८ च्या अखेरीस टिळक चिरोल खटल्यासाठी विलायतेला गेले. खटला हरले, पण वर्षभर तिथे राहिले आणि ते वर्ष साधे नव्हते. १९१९ मध्ये ब्रिटन संपांनी ढवळून निघाले होते. ग्लासगोत चाळीस तासांच्या आठवड्यासाठी संप झाला, पोलिसांनी संप केला, शरद ऋतूत रेल्वे थांबली. महायुद्धापूर्वी टॉम मॅन यांच्यासारख्यांनी तिथे सिंडिकॅलिझमचा प्रचार केला होता, त्याचे पडसाद अजून होते. टिळकांनी मात्र संबंध जोडले ते मजूर पक्षाशी, म्हणजे पार्लमेंटच्या मार्गाने जाणाऱ्यांशी. जॉर्ज लॅन्सबरी यांच्यासारख्या नेत्यांशी त्यांच्या भेटी झाल्या. होमरूल लीगकडून मजूर पक्षाला देणगीही दिली गेली. कायदेमंडळावर भरवसा ठेवू नका, असे सिंडिकॅलिस्ट सांगत. टिळकांना उलट कायदेमंडळ हवे होते, फक्त आपले.

पण परतल्यावर त्यांच्या लेखी मजूर हा स्वतंत्र विषय झालेला दिसतो. एप्रिल १९२० मध्ये त्यांनी काँग्रेस डेमोक्रॅटिक पक्षाचा जाहीरनामा काढला. त्यात शेतातल्या आणि कारखान्यातल्या मजुराला श्रमाच्या फळातला न्याय्य वाटा, किमान मजुरी, कामाचे माफक तास, राहण्याजोगे घर आणि त्यासाठी संघटनांना उत्तेजन, या गोष्टी होत्या. एकेकाळी कारखाना कायद्याला विरोध करणाऱ्या संपादकाचा हा जाहीरनामा होता. मधल्या काळात १९०८ तर झालेच होते. शिवाय १९१९ च्या जानेवारीत मुंबईत महागाईने पिचलेल्या लाखभर गिरणी कामगारांनी पुन्हा संप केला होता, या वेळी पगारासाठी.

तो जाहीरनामा अमलात आणायला टिळक राहिले नाहीत. १ ऑगस्ट १९२० रोजी मुंबईत सरदारगृहात त्यांचे निधन झाले. अंत्ययात्रेला प्रचंड गर्दी लोटली आणि गिरगाव चौपाटीवर त्यांच्यावर अंत्यसंस्कार झाले. त्यानंतर तीनच महिन्यांनी, ३१ ऑक्टोबरला, मुंबईतच ऑल इंडिया ट्रेड युनियन काँग्रेसचे पहिले अधिवेशन भरले. अध्यक्ष लाला लजपत राय होते, उपाध्यक्ष काका बॅप्टिस्टा. कामगारांचा देशव्यापी संघ अखेर उभा राहिला.

गिरणगावाला स्वतःची खंबीर युनियन मिळायला आणखी आठ वर्षे लागली. १९२८ च्या मोठ्या संपात गिरणी कामगार युनियन उभी राहिली, अध्यक्ष झाले स्वतः गिरणीत माग चालवलेले अर्जुन आळवे. गिरणी-गिरणीत कामगारांच्या समित्या निवडल्या गेल्या. खालून, कामाच्या जागेवरून उभी राहणारी ही रचना सिंडिकॅलिस्टांच्या कल्पनेच्या सर्वांत जवळ जाणारी होती, जरी युनियनचे नेते कम्युनिस्ट होते. तो संप सहा दिवस नाही, सहा महिने चालला. एप्रिलमध्ये सुरू झाल्यामुळे बोटी बंद होण्याआधीच बरेचसे संपकरी कोकणात पोचले होते आणि भाताची लावणी करून, गावाकडून निरोपाची वाट पाहत बसले होते.